शंकूची छाया

“दुपारीं बारा वाजतां सूर्य कोठें असतो?” असें माध्यमिक शाळेंतील मुलास विचारावें, “डोक्यावर” हें उत्तर तत्काळ मिळतें. तेवढ्यावर परीक्षा उतरतां येते. परंतु मुलानें आकाश पाहिलेलें नसतें, आणि पुढें पृथ्वीच्या कललेल्या आंसाचा धडा त्याला निव्वळ शब्दांचा वाटतो.

आमचें जळकोट सुमारें १८.६ उत्तर अक्षांशावर आहे. येथें सूर्य नेमका माथ्यावर वर्षांतून दोनदांच येतो: १४ मे व २९ जुलै यांच्या सुमारास. मधल्या काळांत मध्याह्नींची छाया चक्क दक्षिणेस पडते! काशी कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्यामुळें तेथें हा योग कधींच येत नाहीं.

जुलईंत ढगांचा अडथळा. म्हणून मे महिनाच बरा. सूर्यसिद्धान्ताच्या त्रिप्रश्नाधिकारांत सांगितलेला शंकु, म्हणजे वीतभर सरळ काठी, ओळंबा धरून अंगणांत उभा करावा. बारा ते साडेबारा दर पांच मिनिटांनीं छायेच्या टोंकाशीं खडूची खूण करावी. सूर्याकडे मात्र पाहूं देऊं नये. छाया सव्वाबाराच्या सुमारास नाहींशी होते. कारण आपलें घड्याळ ८२.५ पूर्व रेखांशाचें, आणि जळकोट त्याच्या पश्चिमेस सुमारें सव्वापांच अंश.

घरांतील वडील मंडळींनीं हा खटाटोप आठवड्यांतून एकदां, महिनाभर चालवावा. पुस्तकांतील व्याख्या शेवटीं उघडावी. तोंवर मुलानें ती बहुधा स्वतःच्या शब्दांत सांगितलेली असेल.