शटरला कुलूप लावण्यापूर्वी

ईदच्या दिवशी दुकान बंद ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. वर्षभर रोज सकाळी शटर वर करणाऱ्या माणसाला दोन दिवस घरच्यांसोबत बसून शीरखुर्मा खाण्याचा हक्क आहे. पण आपल्या भरवशावर काम सोपवून गेलेल्या गिऱ्हाइकाचाही एक हक्क असतो. दुकान कधी बंद राहणार आणि कधी उघडणार, हे त्याला वेळेत कळले पाहिजे. एका ईदला आम्ही हा हक्क विसरलो. त्याची हकीकत वाचकांनी ऐकावी आणि आपापल्या दुकानाचा विचार करावा.

आमचे झेरॉक्सचे आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचे लहानसे दुकान आहे. २०२५ सालची रमजान ईद आठवून पाहा. रविवारी ३० मार्चला गुढीपाडवा आणि सोमवारी ३१ मार्चला आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस. तो दिवस इतका महत्त्वाचा की, सरकारी व्यवहार पाहणाऱ्या बँकांनी त्या दिवशी काम सुरू ठेवावे, असे रिझर्व्ह बँकेने कळवले होते. शनिवारी, अठ्ठाविसाव्या रोजाला, आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गर्दीत शेजारच्या गावची एक मुलगी शिष्यवृत्तीच्या अर्जाची कागदपत्रे घेऊन आली. शेवटची तारीख ३१ मार्च. यंदा रोजे तीस होणार आणि ईद मंगळवारी येणार, असा हिशेब आम्ही मनाशी पक्का केला होता. तिला सांगितले, "कागदं ठेवून जा बेटा, सोमवारी सकाळी ये, करून टाकू."

रविवारी संध्याकाळी चांद दिसला. घरात एकच धांदल उडाली आणि त्या मुलीची आठवण कुणालाच झाली नाही. दुकानाचा मोबाइल गल्ल्यातच राहिला. व्हॉट्सॲप बिझनेसवर 'दुकान बंद आहे' असा आपोआप जाणारा संदेश लावला होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण मोबाइलची बॅटरी रात्रीच संपली. मोबाइल बंद असला किंवा त्याला इंटरनेट नसले, तर असा संदेश जातच नाही. हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते.

बुधवारी शटर वर केले, मोबाइल चार्जिंगला लावला आणि तिचे संदेश एकामागून एक आले. "काका, दुकान कधी उघडणार?" "काका, मी बाहेर उभी आहे." "निदान कागदपत्रं तरी मिळतील का?" दुपारी तिचे वडील आले. त्यांनी कागदपत्रे मोजून घेतली, "ईद मुबारक" म्हणाले आणि निघून गेले. ते भांडले असते तर आम्हाला बरे वाटले असते.

वायदा आणि अमानत हे शब्द आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. आम्ही दोन्हींत कमी पडलो. त्यानंतर घरात बसून सुट्टीच्या तयारीचा एक क्रम ठरवला. रोजांच्या हिशेबाने तो सहज लक्षात राहतो.

विसावा रोजा : वही उघडून अपुऱ्या कामांची यादी करायची आणि प्रत्येक कामापुढे शेवटची तारीख लिहायची. ईदच्या आसपास तारीख येणारी कामे आधी हातात घ्यायची. ऑनलाइन अर्जाचा ओटीपी बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर येतो. त्यामुळे आयत्या वेळी घरी बसून एकट्याने काम उरकू, हा विचार सोडलेला बरा. गिऱ्हाइकाला फोन करून आधीच बोलवायचे.

पंचविसावा रोजा : सुट्टीची पाटी लावायची. इथे प्रश्न येतो चांदचा. रोजे एकोणतीस की तीस, हे आपल्यालाही आधी ठाऊक नसते. पण गिऱ्हाइकाला ईद कधी यापेक्षा शटर कधी उघडणार, हे हवे असते. म्हणून दोन्ही शक्यता धरून तारखा द्यायच्या. त्या वर्षी आमची पाटी अशी हवी होती : "ईदनिमित्त दुकान सोमवार ३१ मार्च ते बुधवार २ एप्रिल बंद राहील. गुरुवारी ३ एप्रिलला सकाळी १० वाजता उघडेल. तातडीची कामे शनिवार २९ मार्चपर्यंत आणावीत." चांद एक दिवस मागे-पुढे झाला तरी या तारखा बदलत नाहीत. एखाद्या दिवसाचा धंदा जाईल, पण शब्द जाणार नाही.

हाच मजकूर व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर ठेवायचा आणि गूगल मॅपवर दुकानाची नोंद असेल, तर तिथे त्या दिवसांपुरती वेळ बदलायची. ब्रॉडकास्टने पाठवलेला संदेश मात्र ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे, त्यांनाच पोहोचतो. यादीतल्या गिऱ्हाइकांना फोनच करावा.

अठ्ठाविसावा रोजा : कुणाचेही मूळ कागदपत्र सुट्टीत दुकानात राहता कामा नये. ज्याचे त्याला परत द्यायचे. कॉम्प्युटरमधल्या हिशेबाची आणि चालू कामांची प्रत हार्ड डिस्कवर काढून ती घरी न्यायची. ज्यांचे काम संपले, त्यांच्या आधार कार्डाच्या प्रती पुसून टाकायच्या. तीही अमानतच आहे.

चांद रात : कॉम्प्युटर आणि झेरॉक्स मशीनचे प्लग काढायचे. पण मेन स्विच बंद करायचा नाही, नाहीतर सीसीटीव्ही आणि राउटरही बंद पडतात. पैसे घेण्याचा क्यूआर कोड बाहेर लावला असेल तर आत घ्यायचा, म्हणजे त्यावर कुणी दुसरे स्टिकर चिकटवणार नाही. दुकानाचा मोबाइल घरी न्यायचा, चार्ज करायचा, नेट सुरू ठेवायचे. आपोआप जाणाऱ्या संदेशाची वेळ लावून घरातल्या दुसऱ्या मोबाइलवरून एक मेसेज पाठवायचा. उत्तर आले तरच काम झाले असे समजायचे.

शेजारच्या दुकानदारालाही सांगून ठेवतो. दिवाळीत आम्ही त्यांच्या गिऱ्हाइकांना निरोप देतो, ईदला ते आमच्या.

ईदच्या दिवशी दुकानाचा मोबाइल घरातल्या एकानेच, संध्याकाळी एकदा पाहायचा. बाकीचा दिवस घरच्यांचा. दुकान उघडले की पहिला तास नवे काम घ्यायचे नाही, आधी आलेल्या सर्व संदेशांना उत्तर द्यायचे.

बकरी ईदला तर कोणतीच सबब चालत नाही. तिचा चांद नऊ-दहा दिवस आधी ठरतो, म्हणजे तारीख हातात असते.

शिवणकाम असो, बेकरी असो की मोबाइल दुरुस्ती, प्रत्येक धंद्यात कुणीतरी आपल्या शब्दावर थांबलेले असते. ती मुलगी नंतर आमच्या दुकानात आली नाही. तिचे झालेले नुकसान आम्हाला भरून देता आले नाही. वाचकांपैकी कुणाच्या वहीत असे एखादे नाव राहून गेले असेल, तर विसाव्या रोजाला ते सापडावे, एवढ्यासाठी हे लिहिले.