घरातली फट, खिशातली गळती

लाइट बिल हातात आलं की तुम्हीही एसीला शिव्या घालता का? थांबा. खरा गुन्हेगार बहुतेक दाराखाली लपलाय!

बेडरूमचं दार बंद करा आणि खाली वाकून बघा. दार आणि फरशीमध्ये अर्धा इंच फट सहज असते. दार तीन फूट रुंद, म्हणजे ३६ इंच. गुणिले अर्धा, झाले १८ चौरस इंच. म्हणजे सहा बाय तीनचं, तुमच्या मोबाइलएवढं भोक! भिंतीला असं भोक पाडून कुणी एसी लावेल? थंड हवा जड, ती खाली बसते आणि या फटीतून हॉलमध्ये सटकते. तिच्या जागी खिडकीच्या फटींतून गरम, दमट हवा आत येते. ती थंड करायची, वर तिच्यातलं पाणीही काढायचं. डबल ड्यूटी एसीची, बिल तुमचं.

मग दिसेल ती फट बुजवायची? इथे मला जव्हारकडचं एक घर आठवतं.

जव्हार-मोखाडा म्हणजे आपल्यासाठी पावसाळी वीकेंड. दाभोसाचा धबधबा, जयविलास पॅलेस, फोटो आणि परत मुंबई. मी मात्र एका लेखासाठी तिथल्या पाड्यावर गेले होते. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून, वर शेणामातीचं लिंपण केलेलं कुडाचं घर. खिडक्या जवळपास नाहीतच. छप्पर इतकं खाली उतरलेलं, की आत शिरताना मान वाकवावी लागते. त्यामुळे भरदुपारचं ऊन भिंतीवर पडत नाही आणि पावसाची झडही कमी लागते. तरी माती धुपू नये म्हणून पावसाळ्याआधी बाहेरून आडोसा बांधतात. पूर्वी गवता-पानांचा, आता बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकचा.

पण भिंत आणि छप्पर यांच्यातली फट मोकळीच! ‘‘ही का नाही बुजवली?’’ मी विचारलं. घरातली आजी हसली. ‘‘मग चुलीचा धूर कुठं जाईल, बाय?’’

ऊन-पाऊस बाहेरच अडवायचा आणि कामाची फट सोडायची. आपल्या फ्लॅटलाही हेच लागू.

हे बुजवा

* दाराखाली: ब्रशची किंवा रबराची पट्टी. चिकटवायचीही मिळते, त्यामुळे भाड्याच्या घरातही चालते.

* खिडकी: पंखा बंद करून पेटती उदबत्ती कडेकडेने फिरवा. धूर जिथे थरथरला, तिथे फट. स्लायडिंगच्या झिजलेल्या ब्रशपट्ट्या बदलून घ्या.

* चौकट आणि भिंतीमधली भेग: सिलिकॉन भरा, पण मे महिन्यातच. ओल्या भिंतीवर ते नीट धरत नाही.

* पश्चिमेचं ऊन: जमलं तर बांबूची चटई खिडकीबाहेर लावा. आतला पडदा ऊन अडवतो खरा, पण काचेतून ते आत आल्यावर!

याला हात लावू नका

* स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकची बारीक भोकं. पावसाचं पाणी तिथून बाहेर जातं. ती बुजवली तर ते थेट तुमच्या गादीवर.

* स्वयंपाकघर आणि गॅस गीझर असलेली बाथरूम. कोंडलेल्या जागेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला ना रंग, ना वास. माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळतही नाही, आणि जीवही जातो. आजीचा प्रश्न इथे जसाच्या तसा लागू आहे.

* बेडरूमची खिडकी कायमची सील करणं. साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. सकाळी उठल्यावर खिडकी सताड उघडा.

राहिला रिमोट. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशोबाने एसीचं तापमान एक डिग्री वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते. म्हणूनच २०२० पासून स्टार रेटिंगचे नवे एसी २४ डिग्रीच्या डिफॉल्ट सेटिंगने येतात. फटी बुजल्या की ते १८ वर आणायची गरजही फारशी पडणार नाही.

तर मंडळी, या शनिवारी मॉलच्या आधी हार्डवेअरच्या दुकानात एक चक्कर. आणि हो, दाराची रुंदी मोजून न्या. नाहीतर रविवारी दुसरी चक्कर ठरलेली!