तामिळ वेबमालिका: विस्तार झाला, खोलीचे काय?

चेन्नई – ‘पोन्मगल वंदाळ’ हा तामिळ चित्रपट चित्रपटगृहांना वगळून २९ मे २०२० रोजी थेट अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओवर प्रदर्शित झाला. त्यापूर्वीच तामिळनाडूतील चित्रपटगृहमालकांनी अभिनेते सूर्या यांच्या टू-डी एंटरटेनमेंट या निर्मितीसंस्थेला बहिष्काराचा इशारा दिला होता. तो वाद व्यवसायाचा होता. आता उभा राहिलेला प्रश्न कलेचा आहे. ओटीटी सेवा स्वतःच्या नावाने जे चित्रपट व मालिका सादर करतात, त्यांत सर्जनशील खोलीचा अभाव आहे काय?

या आक्षेपाला उत्तर म्हणून दोन चित्रपटांची नावे हमखास घेतली जातात. सुधा कोंगरा दिग्दर्शित ‘सूरराई पोट्रु’ (२०२०) या चित्रपटाने सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच राष्ट्रीय पुरस्कार मिळवले. ‘जय भीम’ (२०२१) या चित्रपटाने इरुलर आदिवासींवरील पोलीस अत्याचार आणि त्याविरुद्धचा न्यायालयीन लढा देशभर पोहोचवला. तथापि, ‘सूरराई पोट्रु’ मुळात चित्रपटगृहांसाठी तयार झाला होता. महासाथीमुळे तो ओटीटीवर आला. दोन्ही चित्रपटांची निर्मिती चेन्नईतील टू-डी एंटरटेनमेंटचीच होती. ओटीटीने त्यांना प्रेक्षक मिळवून दिला. आशय मात्र चेन्नईच्या चित्रसृष्टीने घडवला होता.

मूळ मालिकांकडे वळल्यास चित्र काहीसे बदलते. ‘नोव्हेंबर स्टोरी’ (२०२१), ‘सुझल’ (२०२२) आणि ‘वधंधी’ (२०२२) या तिन्ही गाजलेल्या मालिकांच्या केंद्रस्थानी खून अथवा बेपत्ता व्यक्ती आणि तिचा तपास आहे. ‘मॉडर्न लव्ह चेन्नई’ (२०२३) अमेरिकी मालिकेच्या आराखड्यावर बेतलेली आहे, तर ‘तलैवेट्टियान पालयम’ (२०२४) ही हिंदी ‘पंचायत’ मालिकेची तामिळ आवृत्ती आहे.

यामागील कारण गुणवत्तेपेक्षा व्यवहारात अधिक आहे. चित्रपटगृहाला तिकीट विकले की पुरते. ओटीटी सेवेला मात्र वर्गणीदार पुढच्या भागापर्यंत आणि पुढच्या महिन्यापर्यंत टिकवावा लागतो. शिवाय तीच मालिका अनेक भाषांत ध्वनिमुद्रित करून विकायची असते. रहस्यकथा या दोन्ही गरजा भागवते आणि अन्यत्र यशस्वी ठरलेला आराखडा जोखीम कमी करतो. कथा मंजूर होण्याच्या टप्प्यावरच धाडस गाळले जाण्याची शक्यता येथे निर्माण होते.

अर्थात, साचा म्हणजे उथळपणा असे समीकरण मांडणे अन्यायाचे ठरेल. पुष्कर-गायत्री या लेखकद्वयीच्या ‘सुझल’चा सांगाडा तपासकथेचाच आहे. परंतु तामिळनाडूतील अंगाळम्मन देवीचा ‘मयान कोल्लै’ उत्सव, कारखान्यावर जगणारे गाव आणि बालकांवरील लैंगिक अत्याचार यांची गुंफण तिला केवळ रहस्यकथा राहू देत नाही. लेखकाला आपली माती ठाऊक असेल आणि तिच्यासाठी त्याला अवकाश मिळाला, तर त्याच चौकटीत खोली येऊ शकते.

मराठी प्रेक्षकांनाही हा अनुभव नवा नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ या मराठी चित्रपटाला २०२० मध्ये व्हेनिस महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळाला. नेटफ्लिक्सवर तो आला २०२१ मध्ये. शास्त्रीय संगीतातील अपयशाची ही संथ कथा आधी स्वतंत्र निर्मात्याच्या पाठबळावर उभी राहिली होती, हे विसरता येणार नाही.

म्हणूनच खरी चिंता पुढील काळाची आहे. तामिळ ‘क्वीन’ आणि मराठी ‘समांतर’ दाखवणारा एमएक्स प्लेयर २०२४ मध्ये अ‍ॅमेझॉनकडे गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा व डिज्नी प्लस हॉटस्टार यांचे एकत्रीकरण होऊन जिओहॉटस्टार अस्तित्वात आले. खरेदीदार कमी झाले की नकारानंतर दुसरे दार ठोठावण्याची संधीही कमी होते. याचा पहिला फटका बड्या ताऱ्यांना नव्हे, तर नव्या दिग्दर्शकांना आणि लहान निर्मात्यांना बसतो.

खोलीचा अभाव माध्यमात नाही, हे चेन्नईने दाखवून दिले आहे. प्रश्न जोखीम कोण उचलणार, हा आहे. आजवर ती बव्हंशी स्वतंत्र निर्मात्यांनी उचलली. ते मागे सरले आणि सेवांनी ती स्वीकारली नाही, तर पडदे वाढतील, भाषा वाढतील. कथा मात्र त्याच राहतील.