भागीदारीचे भुयार

कुलाबा-वांद्रे-सीप्झ हा ३३.५ किलोमीटरचा भुयारी मेट्रो मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्णपणे प्रवाशांसाठी खुला झाला, तेव्हा श्रेयाच्या लढाईत राजकीय पक्ष आघाडीवर होते. ही भुयारे प्रत्यक्षात ज्यांनी खोदली, त्यांची नावे फारशी कोणाच्या तोंडी आली नाहीत. भुयार व स्थानकांची कामे सात भागांत विभागून २०१६ मध्ये देण्यात आली होती आणि ती प्रामुख्याने संयुक्त भागीदारीतील कंपन्यांकडे गेली. लार्सन अँड टुब्रोने शांघायच्या कंपनीशी, एचसीसीने मॉस्कोच्या मेट्रो बांधणाऱ्या कंपनीशी, जे. कुमारने चीनच्या रेल्वे बोगदा कंपनीशी, तर सोमाने तुर्कस्तानच्या डोगुसशी हातमिळवणी केली.

अशी लग्ने बहुतेक वेळा निविदेतील अटींमुळे जुळतात. भुयार खोदण्याचा पूर्वानुभव परदेशी कंपनीकडे असतो. मनुष्यबळ, स्थानिक उपकंत्राटदार आणि सरकारी कार्यालयांतील वाटा देशी कंपनीला ठाऊक असतात. पात्रतेच्या कागदावर दोघांची बेरीज होते. ती प्रत्यक्ष कामावर होते की नाही, हा खरा प्रश्न आहे. केवळ अनुभवाचे प्रमाणपत्र पुरवून परदेशी भागीदार मायदेशी परतला, तर उरते ते एकट्याचेच कंत्राट. तेही त्याला न पेलणारे.

दिल्ली मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. काश्मीरी गेट ते केंद्रीय सचिवालय या भुयारी मार्गासाठी जर्मनीची डिकरहॉफ अँड विडमन, जपानची शिमिझू, कोरियाची सॅमसंग, लार्सन अँड टुब्रो आणि इरकॉन अशा पाच कंपन्या एकत्र आल्या होत्या. काम अखेरच्या टप्प्यात असताना, फेब्रुवारी २००५ मध्ये, जर्मन भागीदाराची पालक कंपनी वॉल्टर बाऊ दिवाळखोरीत निघाली. तरीही जुलै २००५ मध्ये गाडी धावली. अशा प्रसंगी उपयोगी पडते ते ‘संयुक्त आणि स्वतंत्र’ दायित्वाचे कलम. या कलमानुसार एक भागीदार कोसळला तरी त्याच्या वाट्याचे काम पूर्ण करण्याची जबाबदारी उरलेल्यांवर येते. करारावर सही करताना अनेकांना हे कलम जाचक वाटते. पण त्यामुळेच प्रत्येक भागीदार दुसऱ्याच्या ताळेबंदावर नजर ठेवतो, आणि ते मालक संस्थेच्याही हिताचेच असते.

मुंबईच्या मोनोरेलने याची दुसरी बाजू दाखविली. २००८ मध्ये लार्सन अँड टुब्रो व मलेशियाची स्कोमी यांना मिळून हे काम देण्यात आले. कामाची वाटणी वरकरणी स्वच्छ होती: खांब व तुळया एकाकडे, गाड्या दुसऱ्याकडे. मात्र गाड्या बनविणारी स्कोमी पुढे आर्थिक अडचणीत सापडली आणि गाड्यांचा पुरवठा रखडला. पहिला टप्पा फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाला. दुसऱ्याला मार्च २०१९ उजाडावे लागले. त्याआधी, डिसेंबर २०१८ मध्ये, एमएमआरडीएने कंत्राट रद्द करून मोनो स्वतःच्या ताब्यात घेतली होती. ज्या गाड्यांना जगात दुसरा पुरवठादार सहजी मिळत नाही, त्या पुरविणारा भागीदार डगमगला की बाकीच्यांची कार्यक्षमता निरुपयोगी ठरते. भागीदार निवडताना किमतीइतकेच या धोक्याचेही मोल करावयास हवे होते.

प्रत्येक रखडलेल्या कामाचे खापर भागीदारांवर फोडणेही न्याय्य नाही. चिनाब नदीवरील ३५९ मीटर उंचीच्या पुलाचे काम २००४ मध्ये अ‍ॅफकॉन्स, कोरियाची अल्ट्रा व व्हीएसएल इंडिया यांच्या भागीदारीकडे कोकण रेल्वेमार्फत आले. मध्यंतरी मार्गाच्या आखणीविषयीच शंका उपस्थित झाल्याने काम थांबले होते. पुलाचे लोकार्पण झाले ते जून २०२५ मध्ये. मालकाचाच निर्णय डळमळीत असेल, तर उभी यंत्रसामग्री आणि बसून राहिलेले मजूर यांचा खर्च कोणी सोसायचा, यावरून भागीदारांतही तंटे सुरू होतात. म्हणूनच अनुभवी कंपन्या कामाआधीच प्रमुख भागीदार, नफ्या-तोट्याचा वाटा आणि स्वतंत्र बँक खाते ठरवून घेतात, आणि बांधकामस्थळी सर्वांचे अधिकारी एकाच प्रकल्पप्रमुखाच्या हाताखाली ठेवतात.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील भुयारी स्थानकाचे कंत्राट २०२३ मध्ये मेघा इंजिनीअरिंग व एचसीसी यांच्या भागीदारीला मिळाले. येथे दोन्ही भागीदार भारतीय आहेत.