अभयारण्याची किल्ली कोणाच्या हाती?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात निसर्गपर्यटनाची भाषा आता वारंवार कानी पडू लागली आहे. रानातून पायवाटा आखाव्यात, शहरवासीयांना जंगल पायी दाखवावे आणि त्यातून गावास चार पैसे मिळावेत, ही कल्पना स्वागतार्ह आहे. परंतु वाट कोठून न्यावी, केव्हा बंद ठेवावी आणि तिचे उत्पन्न कोणाकडे जावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, याचा निर्णय आधी व्हावयास हवा.

वनरक्षणाची रूढ रीत ताडोब्यात दिसते. तेथे १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ साली व्याघ्रप्रकल्प आला. वाघ वाचला, याचे श्रेय वनखात्यास दिलेच पाहिजे. तथापि त्यासाठी आतील काही गावांना उठून बाहेर जावे लागले, हेही विसरता येत नाही.

दुसरी रीत त्याच चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यात पाचगावने घालून दिली. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये या लहानशा गावास २०१२ साली सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभेने त्यातील सुमारे ३४ हेक्टर क्षेत्र नवी देवराई म्हणून राखून ठेवले. तेंदूपत्ता हा या भागातील उन्हाळ्याचा मोठा आधार. परंतु त्यासाठी फांद्या छाटल्या जातात, वणवे लावले जातात, म्हणून तो तोडणेही गावाने बंद केले. हातचे उत्पन्न सोडून जंगल राखणाऱ्यांना निसर्गरक्षणाचे धडे कोणी द्यावेत?

मात्र कागदावरचा हक्क आपोआप हाती येत नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ साली सुमारे अठराशे हेक्टरांचा हक्क मिळाला; पण स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना गावाच्या हाती येण्यास २०११ उजाडले. हक्क गावाचा आणि परवाना कचेरीचा, अशी विभागणी पायवाटांच्या बाबतीत पुन्हा होता कामा नये.

हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. चैत्र-वैशाखात पहाटे मोहफुले वेचण्यास बायाबापड्या रानात शिरतात, त्याच रानात वाघ वावरतो आणि पर्यटकालाही हीच वेळ हवी असते. कोणती पायवाट कोणत्या महिन्यात मोकळी ठेवावी, हे तेथे रोज चालणाऱ्या माणसाला, विशेषतः स्त्रियांना, विचारूनच ठरले पाहिजे. वाघाच्या हालचालींची माहिती वनखात्याने वेळेवर द्यावी, वाटाड्या गावचा असावा, देवराई वगळावी, शुल्क ग्रामसभेच्या खात्यात जमा व्हावे.

कायदा याच्या आड येत नाही. वनहक्क कायद्याचे पाचवे कलम वने व वन्यजीव यांच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेस देते. वन्यजीव कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीने सामुदायिक राखीव क्षेत्राची तरतूद केली असून त्याच्या समितीत ग्रामपंचायतीचे किमान पाच प्रतिनिधी, तर वनखात्याचा एक असतो.

ग्रामसभांत तंटे असतात, ठेकेदार शिरकाव करतात, हा आक्षेप खोटा नाही. त्यावर उपाय उघड्या सभेतील उघडा हिशेब हा होय. अधिकार काढून घेणे हा नव्हे. ज्या गावाने रान राखले, त्याच्या संमतीवाचून त्या रानात एकही फाटक उभे राहू नये.