बिघाड टीव्हीत की कानात?

दवाखान्यात येणारी मंडळी आजाराखेरीज इतरही पुष्कळ गोष्टींचा सल्ला विचारतात. मुलीला आलेलं स्थळ कसं आहे, प्लॉट घ्यावा की पैसे बँकेत ठेवावेत, आणि अलीकडे वरचेवर येणारा एक प्रश्न, ‘‘डॉक्टर, टीव्ही बिघडलाय. दुरुस्त करावा की नवा घ्यावा?’’ मागच्या महिन्यात एका निवृत्त गुरुजींनी रक्तदाब तपासून घेता घेता हाच प्रश्न टाकला. मेकॅनिक दीड हजार सांगत होता आणि मुलगा म्हणत होता, नवाच घेऊन टाकू.

मी विचारलं, ‘‘गुरुजी, टीव्हीला झालंय काय?’’

‘‘चित्र छान आहे हो. आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत.’’

मी टीव्हीचा विषय बाजूला ठेवला आणि त्यांचे कान तपासायला घेतले. गुरुजी जरा रागावलेच. पण मी असं का केलं याला कारण आहे. या बाबतीतली चूक माझ्या स्वतःच्या घरात होऊन गेलेली आहे.

आमच्या लहानपणी दुरुस्त की नवा हा प्रश्नच नव्हता. लाकडी शटरचा टीव्ही घरात आला की तो घरातलाच एक होऊन जायचा. १९८२ साली देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, तरी आमचा काळा-पांढरा सेट पुढे कित्येक वर्षं चालला. बिघडला की मेकॅनिक यायचा, मागचं झाकण उघडून डाग द्यायचा, आणि चहा घेऊन जायचा. आता टीव्ही त्या मानाने स्वस्त झाले आणि दुरुस्ती महागली, म्हणून हा प्रश्न आला.

त्याचं उत्तर आम्हां डॉक्टरांच्या पद्धतीनेच द्यावं लागतं. आधी निदान, मग उपचार. आवाज येतो पण पडदा काळा असेल, तर खोलीत अंधार करून पडद्यावर टॉर्चचा उजेड तिरका टाकून बघावा. पुसट चित्र हलताना दिसलं, तर पडद्यामागचे एलईडी दिवे गेलेत आणि पॅनेल शाबूत आहे असं समजावं. दिवे बदलता येतात. सेट अजिबात चालू होत नसेल, तर पुष्कळदा पॉवर सप्लायचं कार्ड गेलेलं असतं. तेही बदलता येतं. पॅनेललाच तडा गेला असेल, तर मात्र त्याची किंमत नव्या टीव्हीच्या जवळपास जाते, तिथे दुरुस्ती परवडत नाही. सेट सात-आठ वर्षांचा झाला असेल आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त येत असेल, तर नवा घ्यावा, हा माझा ढोबळ हिशेब. एवढं मात्र सांगतो, मागचं झाकण घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या काही भागांत वीज साठून राहते.

हे सगळं मला आज कळतं. माझ्या आईच्या वेळी मी यातलं काहीच केलं नाही.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आईचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. ती रोज म्हणायची, ‘‘अरे, या टीव्हीचा आवाज बिघडलाय. नुसता गलबला ऐकू येतो.’’ आम्ही आवाज वाढवायचो, की नातवंडं कुरकुरायची. मेकॅनिकला बोलावलं. त्याने सेट बघितला आणि म्हणाला, ‘‘साहेब, याला काही झालेलं नाही.’’ मी त्यालाच कच्चा समजलो आणि दिवाळीला मोठा, चपटा, नवा टीव्ही आणला. आईची तक्रार दुप्पट झाली. काही दिवसांनी तिने तक्रार करणं सोडलं आणि टीव्हीसमोर बसणंही सोडलं. मग संध्याकाळी आमच्यात बसणं कमी झालं. फोन आला की ‘तूच बोल’ म्हणू लागली. आम्ही म्हणालो, वय झालं, आता शांतता बरी वाटत असेल.

अशी दोन वर्षं गेली. शेवटी एका कान-नाक-घसा तज्ज्ञ मित्राने जेवताना दोन वाक्यं तिच्याशी बोलून मला बाजूला घेतलं आणि विचारलं, ‘‘आईंचे कान कधी तपासलेस?’’ मी रोज पन्नास लोकांना तपासणारा माणूस. मान खाली घातली.

वाचकहो, यात शास्त्र काय आहे ते थोडक्यात सांगतो. वयाबरोबर आतल्या कानातल्या नाजूक केसपेशी झिजतात, आणि बहुधा उंच पट्टीचे आवाज ओळखणाऱ्या आधी जातात. स, श, फ, त या अक्षरांचा खणखणीतपणा त्याच पट्टीत असतो. त्यामुळे माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द उमगत नाही. बायकांचं आणि लहान मुलांचं बोलणं जास्त अवघड जातं. मागे संगीत वाजत असेल तर विचारूच नका, आणि मालिकांमध्ये ते सतत वाजत असतं. त्यात नव्या चपट्या टीव्हीचे स्पीकर लहान असतात आणि पुष्कळ सेटमध्ये ते खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. माझ्या आईला जुन्या डबा टीव्हीतलं निदान थोडं तरी कळत होतं. मी तेही काढून टाकलं.

तेव्हा आवाजाची तक्रार असेल तर मेकॅनिकला बोलावण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात. एक, तोच कार्यक्रम त्याच आवाजात घरातल्या दुसऱ्या कुणाला नीट कळतो का? दोन, फोनवर, देवळातल्या कीर्तनात, चारचौघांच्या गप्पांतही हीच अडचण येते का? तीन, समोर तोंड बघून बोललं तर समजतं आणि पाठमोरं बोललं तर समजत नाही, असं होतं का? उत्तरं तशी आली तर दुरुस्ती कानाची आहे. चित्राचंही तसंच. टीव्ही फिका, पिवळट दिसतो असं एकटे आजोबाच म्हणत असतील, तर मोतीबिंदू तपासून घ्यावा.

कान तपासला की कधी कधी नुसता मळ निघतो आणि काम भागतं. तो डॉक्टरकडूनच काढून घ्यावा. काडी, किल्ली, केसातला आकडा, गरम तेल यांपैकी काहीही कानात जाऊ नये. मळ नसेल तर ऑडिओग्राम काढावा लागतो. त्याला सुई नाही की दुखणं नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासं झालं, तर ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणू नका. ती तातडीची बाब आहे, त्याच दिवशी तज्ज्ञाला दाखवा. वेळेवर औषध मिळालं तर ऐकू येणं परत मिळण्याची आशा असते.

दुरुस्त की नवा, हा प्रश्न शरीरालाही लागू आहे. डोळ्याचं भिंग नवं बसवता येतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये आपण तेच करतो. आतल्या कानाच्या केसपेशी मात्र एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. तिथे बहुतेकांना श्रवणयंत्राचाच आधार घ्यावा लागतो. आणि इथेच घरोघरी एक वाक्य ऐकू येतं, ‘‘आता या वयात कशाला एवढा खर्च?’’ टीव्हीवर चाळीस हजार घालताना हे वाक्य कुणी बोलत नाही.

हा खर्च चैनीचा नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी चौदा कारणं सांगितली. त्यांत कमी ऐकू येणं आहे आणि उपचार न केलेलं कमी दिसणंही आहे. श्रवणयंत्र लावलं की विसरभोळेपणा जाईल असा याचा अर्थ नव्हे. पण ज्याला ऐकू येत नाही तो बोलणं टाळतो आणि चारचौघांतून उठून जातो, हे मी माझ्या घरात बघितलं आहे. ऐपत नसणाऱ्या ज्येष्ठांसाठी २०१७ सालच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत श्रवणयंत्राचाही समावेश केलेला आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

आईला यंत्र बसवलं तेव्हा पहिला महिना कठीण गेला. भांड्यांचा आवाज डोक्यात जातो म्हणून ती ते काढून डबीत ठेवायची. हे सगळ्यांचंच होतं. रोज थोडा वेळ लावून सवय करावी लागते, आणि घरच्यांनी धीर धरावा लागतो. दोन महिन्यांनी ती स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘सूनबाई, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या गं.’’ तिचं बोलणं पुन्हा सुरू झालं. पण आमच्यात बसायची सवय मोडली होती, ती पूर्वीसारखी पुरती आली नाही. मधली दोन वर्षं कुठून आणायची?

जुना टीव्ही आमच्या कंपाउंडरच्या घरी गेला. तो अजून ठणठणीत चालतो.

आणि गुरुजी? त्यांचे कान वयाच्या मानाने चांगले निघाले. सूनबाईंना विचारलं, तर त्यांनाही आवाज फुटकाच ऐकू येत होता. म्हणजे बिघाड टीव्हीतच होता. गुरुजींनी दीड हजार देऊन स्पीकर बदलून घेतला. या सगळ्या तपासणीला मला जेमतेम दहा मिनिटं लागली. तेवढी दहा मिनिटं मी आईला वेळेवर दिली नव्हती. तुमच्या घरात कुणी टीव्हीच्या आवाजाची तक्रार करत असेल, तर तुम्ही ती आज द्या.