वैद्याचा क्लम आणि निदानपरिवर्जन

सेवाकर्मींच्या थकव्यासाठी 'बर्नआउट' हा शब्द हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये शास्त्रीय लेखनात आणला. पुढे क्रिस्टिना मॅस्लाक यांनी भावनिक रितेपण, रुग्णाविषयीचा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना अशा तीन अंगांनी तो मोजण्याची प्रश्नावली सिद्ध केली. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात श्रमाविना येणाऱ्या व इंद्रियांच्या विषयग्रहणात बाधा आणणाऱ्या थकव्याला 'क्लम' म्हटले आहे. दोन्ही एकच आहेत असे माझे म्हणणे नाही. परंतु झोप घेऊनही न उतरणाऱ्या या थकव्यासाठी मला त्याहून जवळचा शब्द सापडत नाही.

या संदर्भात एका संशोधनाची चर्चा आपल्या व्यवसायात व्हावयास हवी. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील डॉ. मायकेल क्रॅस्नर, डॉ. रोनाल्ड एप्स्टाइन व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये 'जामा' या नियतकालिकात ७० प्राथमिक चिकित्सकांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. आठ आठवडे दर आठवड्यास अडीच तासांचे सत्र, एक पूर्ण दिवसाचे सत्र आणि त्यानंतर दहा महिने मासिक सत्रे असा तो उपक्रम होता. त्यात सजगतेचे ध्यान होते. शिवाय रुग्णांसंबंधीचे स्वतःचे अनुभव लिहून सहव्यवसायींसमोर सांगणे व ऐकणेही होते. चिकित्सकांचे रितेपण कमी झाले, रुग्णाविषयीची सहानुभूती वाढली आणि हा लाभ सत्रे संपल्यानंतरही टिकला.

आपल्याकडे अशा संशोधनातील 'ध्यान' एवढाच शब्द उचलला जातो आणि 'पाहा, पाश्चात्त्यांनीही मान्य केले' अशी टाळी वाजते. त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि सहभागी स्वेच्छेने आलेले होते, हे मात्र कोणी सांगत नाही. व्यवसायबंधूंसमोर मन मोकळे करण्यास महिनोन् महिने राखून ठेवलेला वेळ, हाही त्या उपचाराचाच भाग होता. माझ्या मते कदाचित तोच मुख्य भाग असावा.

२०१७ मध्ये मारिया पानागिओटी व सहकाऱ्यांनी चिकित्सकांवरील नियंत्रित अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. उपायांचा परिणाम एकंदरीत अल्पच दिसला. परंतु व्यक्तीला सोसण्यास शिकविणाऱ्या उपायांपेक्षा कामाची व्यवस्था बदलणारे उपाय अधिक गुणकारी ठरले. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. संक्षेपाने चिकित्सा म्हणजे निदानपरिवर्जन, हे आपण पहिल्या वर्षापासून घोकतो.

आता हेतू पाहू. चरकाने सूत्रस्थानात तेरा अधारणीय वेग सांगितले आहेत. मूत्र, क्षुधा, तृष्णा, निद्रा, अश्रू आणि श्रमजन्य श्वास हे त्यांपैकी सहा. रात्रपाळीवरील निवासी वैद्य हे सहाही एकाच पाळीत धारण करतो. माझा एक जुना विद्यार्थी एका खासगी रुग्णालयात निवासी वैद्यकीय अधिकारी आहे. पाळी बारा तासांची. परंतु बदलीचा माणूस न आल्यास ती छत्तीस तासांची होते. त्या रुग्णालयाने कर्मचाऱ्यांसाठी सकाळी सहाला योगवर्ग सुरू केला. "सर, तो वर्ग चुकविला म्हणून मला लेखी विचारणा झाली," असे त्याने सांगितले, तेव्हा हसावे की रडावे ते मला कळेना. (अश्रूंचा वेगही अधारणीयच!)

महाराष्ट्रातील अनेक खासगी रुग्णालयांच्या रात्री आपल्या आयुर्वेद पदवीधरांच्या खांद्यावर उभ्या आहेत, हे सर्वांस ठाऊक आहे. यांतील काही रुग्णालयांचे मालक आपल्याच संघटनेचे सभासद आहेत, हेही ठाऊक आहे. ते बोलले मात्र जात नाही. समन्वित चिकित्सेचा आग्रह धरणाऱ्या आपण स्वतःच्या दवाखान्यातील परिचारिकेला जेवणाची वेळ ठरवून दिली आहे काय? मी स्वतः दुपारी दोनपर्यंत पाणी न पिता रुग्ण तपासत असे आणि त्याचा अभिमानही बाळगत असे.

औषधनिर्मात्या व औषधविक्रेत्या बंधूंनाही एक विनंती आहे. अश्वगंधा, ब्राह्मी, शंखपुष्पी यांचे गुण मी नाकारत नाही. मी ती रोज देतो. परंतु 'रुग्णालय कर्मचाऱ्यांसाठी तणावमुक्ती संच' अशी जाहिरात करून हेतू तसाच ठेवणे म्हणजे कुपथ्य चालू ठेवून औषध विकणे होय. स्वतःच्या दुकानात बारा तास उभ्या असणाऱ्या नोकरापासून आरंभ करावा.

आपल्या महाविद्यालयांना यावर संशोधन करावयाचे असल्यास विषय तयार आहे. दोन समान रुग्णालये घ्यावीत. एकात केवळ योग व रसायन द्यावे, दुसऱ्यात त्यासोबत पाळीची मर्यादा, भोजनाची वेळ आणि महिन्यातून एकदा अनुभवकथनाची बैठक ठेवावी. प्रश्नावली सोप्या मराठीत तपासून घ्यावी, म्हणजे सफाई कर्मचारी व मदतनीसही उत्तरे देऊ शकतील. प्रश्नावली भरून घेणारा मात्र रुग्णालयाचा मालक नसावा.

संघटनेच्या येत्या वार्षिक सभेत सभासदांच्या रुग्णालयांपुरती पाळीच्या मर्यादेची सूचना मी लेखी मांडणार आहे. तिला अनुमोदक हवा आहे.